नव्वदबाईंनी गाळलेली ओळ

आमच्या कारखान्यात नियम समजावून सांगणाऱ्या एकच बाई होत्या, आणि त्या कायम दमलेल्या असत. सकाळी आठला दमलेल्या यायच्या आणि पाचला आणखी दमून जायच्या. मधल्या वेळात तीनशे दहा माणसांची आजारपणं त्यांच्या टेबलावरून जायची. कुणाचा मोडलेला हात, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाच्या बापाचा मोतीबिंदू. एकच गोष्ट दहादा सांगावी लागायची, आणि अकराव्या वेळेला तोच माणूस दारात उभा राहून विचारायचा, "बाई, ते कसं असतं म्हणालात?" त्या डोळे मिटून घ्यायच्या, एक श्वास सोडायच्या आणि परत पहिल्यापासून सांगायला लागायच्या. मी असतो तर चौथ्या वेळेला फाईल फेकून मारली असती.

मी गेटवर हजेरी कारकून. माझी खोली म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि हजेरीची कार्डं ठोकायचं घड्याळ. कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. सगळीकडे बारीक धूळ आणि खळीचा आंबूस वास. घरी गेलं तरी तो शर्टातून जात नसे. घरी मी आणि माझी आई, तिसरं कोणी नाही. आईची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. आठवड्यातून दोनदा तिला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागे. तो खर्च माझ्या कार्डावर, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य योजनेतून चाले. ते कार्ड बाईंनीच भरलेलं. त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने आईचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि वर न बघता म्हणाल्या, "नोकरी सांभाळ रे बाबा. नोकरी गेली की कार्ड तीस दिवस चालतं. पुढे नाही."

कारखान्यातल्या प्रत्येकाचं असं एक पिवळं कार्ड त्यांच्या कपाटात होतं. वर कामगाराचं नाव, खाली त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी पाच ओळी. लग्न झालं की नाव चढायचं, मूल झालं की चढायचं, कोणी गेलं की खोडरबरने पुसलं जायचं. कुणाचं कोण आहे हे बाईंना त्या माणसापेक्षा जास्त पाठ असे. स्वतःविषयी मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. विचारायचं धाडस आम्हीही केलं नाही.

योजना तशी सोपी होती. पगारातून थोडं कापलं जाई, मालक त्यात आपलं घाली, आणि आजारपण योजनेच्या कचेरीकडून भागे. पण अट होती. सहा महिन्यांत नव्वद दिवस हजेरी भरली, तर पुढचे सहा महिने कार्ड चालू. नाही भरली, तर बंद. याचे नियम चौसष्ट पानांच्या पुस्तिकेत होते, आणि ती पुस्तिका लिहिणाऱ्याचं माणसांशी काहीतरी जुनं वैर असावं. एका वाक्यात तीन 'परंतु' आणि दोन 'मात्र'. शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीला कोण आजारी होतं हेच विसरायला व्हायचं.

वीस वर्षांपूर्वी बाईंनी त्या पुस्तिकेचा एक कागद केला. अकरा ओळी, मोठी अक्षरं, साधी भाषा. प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी तो पाण्याच्या नळाजवळ लावला, कारण तिथे प्रत्येक माणूस दिवसातून चारदा तरी उभा राहतो. पहिली ओळ अशी: 'सहा महिन्यांत नव्वद दिवस भरा. एकोणनव्वद म्हणजे शून्य.' ही ओळ कारखान्यात इतकी रुजली की माणसं एकमेकांना तीच ऐकवत. कोणी उशिरा आला की, "काय रे, एकोणनव्वद करतोस काय?" बाईंना नाव पडलं ते नव्वदबाई. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. आयुष्यात एक गोष्ट नीट जमली असं त्यांना वाटत असेल, तर ती त्या कागदाची. जेवणाच्या सुट्टीत जाता जाता त्या पदराने त्याच्यावरची धूळ पुसत, हे मी खिडकीतून पाहिलंय.

घडीच्या मशीनवर दोन साडू होते. एकाच घरच्या दोन बहिणी दोघांना दिलेल्या. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. एकाच सासऱ्याने दोघांना गंडवलं, म्हणून एवढं मेतकूट, अशी त्यांची थट्टा चाले. थोरला शांत, कामाला वाघ. धाकटा तोंडाळ, पण थोरल्याच्या शब्दाबाहेर नाही. धाकट्याला नोकरी लावली ती थोरल्यानेच.

त्या वर्षी थोरल्याला जिना चढला की धाप लागू लागली. तो घरीच पडून राहायचा, चार दिवस, आठ दिवस. डॉक्टरकडे जाईना. "दम्याचं असेल, धुळीने होतं," म्हणायचा. शेवटी एक दिवस मशीनवरच खाली बसला. दवाखान्यात नेलं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. अकरा दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, अंगात थोडी ताकद येऊ दे, मग दोन महिन्यांत ऑपरेशन. त्याहून उशीर झाला तर सांगता येत नाही. त्या ऑपरेशनचा खर्च योजनेशिवाय करायचा, तर दोन्ही साडवांची घरं विकूनही पुरा पडला नसता.

थोरला भरती झाला तेव्हा त्या सहामाहीचे शेवटचे दिवस चालले होते. दुसऱ्याच दिवशी धाकट्याने नळाजवळ उभं राहून बोटांवर हिशेब केला. थोरल्याची हजेरी भरली होती एकोणऐंशी. कमी पडत होते अकरा.

त्या दिवशी दुपारी तीनला पहिली पाळी सुटली. धाकट्याने आपलं कार्ड घड्याळात ठोकलं आणि तो बाहेर पडला. मग तिथल्या तिथे वळला, फळीवरून थोरल्याचं हजेरीचं कार्ड काढलं आणि ठोकून आत गेला. खट्, आणि परत खट्. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सोळा तास. आठव्या दिवशी त्याचे डोळे लाल झाले होते आणि कार्ड घड्याळाच्या फटीत सापडेना. मी हात पुढे करून ते नीट धरलं. एवढीच माझी मदत. दुसऱ्या पाळीचा मुकादमही गप्प होता, कारण खोकी निघत होती. अकराव्या दिवशी काम संपलं. बाराव्या दिवशी त्याने थोरल्याच्या कार्डाला हात लावला नाही. हावरेपणा त्यात नव्हता. नव्वद हवे होते, नव्वदच केले.

मला वाटलं, सुटलो सगळे.

महिन्याभराने बाई माझ्या खोलीत आल्या. त्या कधी गेटपर्यंत येत नसत, गुडघा दुखायचा. हातात दोन कागद. एक थोरल्याच्या हजेरीचा, मीच काढून दिलेला. दुसरा दवाखान्याचा. ऑपरेशनच्या मंजुरीसाठी दोन्ही एकत्र पाठवायचे होते. त्यांनी ते माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तारखांवर बोट टेकवलं.

"हा माणूस अकरा दिवस खाटेवर होता," त्या म्हणाल्या, "आणि तेच अकरा दिवस तुझ्या गेटातून आत येत होता. कसा?"

माझी पाचावर धारण बसली. मी रजिस्टर मिटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "धाकट्याला बोलाव," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या.

धाकटा आला. कागद बघून त्याला सगळं कळलं, पण आवाज खाली आला नाही.

"हो, मीच केलं. चोरी नाही केली. पूर्ण पाळी राबलोय. नाव कुणाचं का असेना, खोकी तर निघाली ना?"

"पण का केलंस?"

"का म्हणजे? बाई, तुम्हीच तर लिहिलंय. नव्वद म्हणजे नव्वद, एकोणनव्वद म्हणजे शून्य. त्याचे एकोणऐंशी होते. मग काय त्याला मरू द्यायचं होतं?"

"अरे, मला येऊन विचारायचंस तरी."

"विचारायचं काय त्यात? सगळ्या कारखान्याला पाठ आहे."

बाई उठल्या, भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या आणि पुस्तिका घेऊन आल्या. एक्केचाळिसावं पान. खालून तिसरी ओळ. त्यांनी ती मोठ्याने वाचली नाही, धाकट्याच्या पुढे ढकलली. त्याला ते 'परंतु' आणि 'मात्र' उलगडेनात, म्हणून मग सांगितली.

"दवाखान्यात भरती असलेले दिवस हजेरीतच धरतात. दाखला असला की झालं. त्याचे अकरा दिवस खाटेवर पडल्या पडल्या भरले असते. त्याचे नव्वद झालेच होते."

धाकटा त्या ओळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग हे तिथे का नाही लिहिलं? नळाजवळ?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"कागद एकाच पानाचा हवा होता," बाई म्हणाल्या. "बारा ओळी बसत नव्हत्या. वाटलं, याची वेळ क्वचित कुणावर येईल. ज्याच्यावर येईल तो येऊन विचारेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. सोळा सोळा तासांचे ते अकरा दिवस फुकट गेले होते, नुसते फुकट नाही, उलटे अंगावर आले होते. हजेरीचा तोच कागद पाठवला, तर योजनेची कचेरी पहिल्याच नजरेत लबाडी धरणार. ऑपरेशन नामंजूर, आणि थोरल्याचं कार्ड कायमचं बाद. थोरल्याकडे तर उरला होता एक महिना.

धाकटा गेल्यावर मी दार लोटलं आणि म्हणालो, "बाई, मी हजेरीची नवीन कार्डं बनवतो. जुनी फाडून टाकू. अकरा दिवस कोरे दाखवू, दवाखान्याचा दाखला लावू. कुणाला कळतंय?"

"त्या अकरा दिवसांचा पगार थोरल्याच्या घरी गेलाय. तो कुणाच्या नावावर दाखवशील?" त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या पाळीतली चाळीस माणसं? त्यांची तोंडं कशी फाडशील? खोटं आहे ते आहे. त्याच्यावर आणखी मजले चढवू नकोस."

मग त्या मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर आपलं हित बघणारा माणूस. म्हणाला, "बाई, कशाला नसती आफत? त्याचा अर्जच पाठवू नका. कागद अपुरे म्हणून सांगा त्याला." मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. बाई नेहमीच्या त्याच थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, अर्ज आला की सात दिवसांत पाठवायचा, हा नियम मालकाला आहे, कामगाराला नाही. नाही पाठवला तर ऑपरेशनचा सगळा खर्च कारखान्यावर येतो. आणि खोटी हजेरी पाठवली तर गुन्हा तुमच्या सहीवर. खरं लिहून पाठवलं तर फक्त चूक होते. पान बावन्न. आणू का पुस्तिका?"

मग मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे. पण चूक कुणाची ते लिहावं लागेल. कचेरी नाव मागते. नाव देणार असाल तर पाठवा."

"देते," बाई म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, पोट बिघडलंय. चोराच्या मनात चांदणं. सकाळी बाईंना सांगायचं ठरवलं होतं, की माझंही नाव लिहा, मी रोज बघत होतो, आठव्या दिवशी तर कार्डही धरलं. आठला त्या आल्या. सव्वाआठला मी त्यांच्या दारात गेलो. टेबलावर पत्र तयार होतं, पाकीट बंद. "काय रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. चहा सांगू का?" त्या म्हणाल्या, "सांग."

असा मी.

पत्र गेलं. योजनेच्या कचेरीतून चौकशीला दोन माणसं आली, एक जाडा आणि एक त्याच्याहून जाडा. त्यांनी नळाजवळचा कागद उतरवून घेतला आणि पुस्तिकेशी ताडून पाहिला. मला घड्याळ कसं चालतं एवढंच विचारलं. मी ते तपशीलवार सांगितलं. घड्याळापलीकडे त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोललो नाही.

वीस दिवसांनी निकाल आला. थोरल्याचे नव्वद दिवस मान्य. ऑपरेशन मंजूर. धाकट्याने कारखान्यात लावलेल्या चुकीच्या माहितीवरून हे केलं, म्हणून त्याला महिनाभर घरी बसवून परत कामावर घेतलं. जास्तीचा पगार हप्त्यांनी कापायचा ठरला. आणि चुकीची माहिती लावल्याबद्दल बाईंना टेबलावरून काढून खालच्या गोदामात पाठवलं. खळीची पिंपं आणि दोऱ्याची रिळं मोजायला. गोदामाला सतरा पायऱ्या, आणि त्यांचा गुडघा तसला.

थोरल्याचं ऑपरेशन नीट झालं. तो अजून आहे. जिना चढतो, मध्ये एकदा थांबतो.

बाईंच्या जागी कुणाला बसवायचं, तर मॅनेजरने मला बसवलं. नियमांची थोडीफार माहिती असलेला मीच होतो म्हणे. योजनेच्या मुख्य कचेरीतून नवीन सूचनापत्र आलं, नऊ पानांचं, संपूर्ण आणि बिनचूक. नळाजवळ लावलं. कोणी वाचत नाही. लोक माझ्या दारात येतात आणि विचारतात, "नव्वदच ना?" मी दहादा सांगतो. अकराव्यांदा डोळे मिटतो.

तिसऱ्या आठवड्यात मी बाईंचा खण साफ करत होतो, तेव्हा तळाला त्या पत्राचा कच्चा खर्डा सापडला. बाईंचं अक्षर ओळखीचं. 'सदर चूक माझ्या हातून तयार झालेल्या कागदामुळे घडली,' वगैरे सगळं. मध्ये एक ओळ होती. 'गेटवरील हजेरी कारकुनास हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.' तिच्यावर पेनाने एक सरळ रेघ मारलेली होती.

मी खर्डा घेऊन गोदामात गेलो. त्या पिंपावर बसल्या होत्या, पाय लांब करून. मी कागद पुढे धरला.

"बाई, ही ओळ का खोडली?"

त्यांनी चष्मा चढवला, बघितलं आणि काढला.

"ते अजून ठेवलंयस होय? फाडून टाक."

"पण का?"

"तुझ्या कार्डावर कोण आहे?"

"आई."

"आठवड्यातून किती वेळा न्यावं लागतं?"

"दोनदा."

"आणि नोकरी गेली की कार्ड किती दिवस चालतं?"

"तीस."

"मग विचारतोस काय?" त्या म्हणाल्या. "कुणाचं तरी नाव द्यायचंच होतं. मी कपाट उघडलं, चार कार्डं काढली आणि बघितलं. एक थोरल्याचं, एक धाकट्याचं, एक तुझं. जा आता, साडेतीनची गाडी यायची आहे, मला रिळं मोजायची आहेत."

चौथं कार्ड कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी वर येऊन कपाट उघडलं. कारखान्याच्या कचेरीतल्या माणसांची कार्डं शेवटच्या कप्प्यात होती. बाईंचं कार्ड इतरांपेक्षा स्वच्छ होतं, कडा कुठे दुमडल्या नव्हत्या, खोडरबरचा डाग नव्हता. नावाखालच्या पाचही ओळी कोऱ्या होत्या.

याला आता सहा वर्षं झाली. बाई निवृत्त होऊन गेल्या, कुठे गेल्या ते कुणाला ठाऊक नाही. मी त्यांना कधी धड काही म्हणालो नाही. धन्यवादही नाही. म्हणायला गेलो की चहाच विचारायचो.

गेल्या महिन्यात आई गेली. चौदाव्या दिवशी कामावर आलो, कपाटातून माझं कार्ड काढलं आणि खोडरबरने तिचं नाव पुसलं. माझ्या कार्डावरून पुसलेलं ते पहिलंच नाव. आता माझ्या कार्डावरही कोणी नाही, तेव्हा बाईंनी खोडलेली ती ओळ परत लिहायला हरकत नाही. गेटवरच्या हजेरी कारकुनाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मॅनेजरसाहेबांना उद्देशून मी हे तसंच लिहिलं, खाली सही केली आणि सव्वाआठला त्यांच्या टेबलावर ठेवलं.